फार्गो सीझन २ : 'ध'चा 'मा' नक्की कुठे झाला? (स्पॉयलर आहेत)

निशाचर

दहाही भाग बघून झाले नसतील तर इथूनच मागे फिरा. शेवटापर्यंतचं सगळं उघड लिहिलंय.

'फार्गो' या अमेरिकी गुन्हेगारी मालिकेचा दुसरा सीझन (एफएक्स वाहिनी, ऑक्टोबर ते डिसेंबर २०१५, दहा भाग, कर्ता-करविता नोआ हॉली) बहुतेक जण 'नशिबाचा खेळ' म्हणून बघतात. योगायोगाने गाडी धडकते, योगायोगाने उडती तबकडी येते आणि माणसं पटापट मरतात. हे वाचन मला आळशी वाटतं. खरा योगायोग एकच आहे: राय गेरहार्ट रस्त्याच्या मधोमध आ वासून आकाशाकडे बघत असताना सलूनमध्ये काम करणाऱ्या पेगीची गाडी तिथे येणं. त्यानंतरची जवळपास सगळी मढी कुणीतरी खोटी बातमी दिल्यामुळे किंवा खरी बातमी वेळेत न पोचल्यामुळे पडली आहेत.

साखळी लावून बघा. राय हे गेरहार्ट या टोळीवाल्या घराण्यातलं शेंडेफळ, त्याला कुणी विचारत नाही. टाइपरायटर विकणाऱ्या स्किपची बँकखाती गोठली आहेत. ती मोकळी व्हावीत म्हणून राय लुव्हर्नच्या वॉफल हटमध्ये न्यायाधीश बाईंना धमकावायला जातो. बाई घाबरत तर नाहीतच, उलट त्याच्या डोळ्यांत झुरळं मारायचा फवारा मारतात. तीन माणसं मरतात, राय जखमी होऊन बाहेर पडतो आणि पेगीच्या गाडीच्या काचेत अडकून तिच्या गॅरेजमध्ये पोचतो. पेगी घरात जाऊन स्वयंपाकाला लागते. रात्री नवरा, म्हणजे एड, गॅरेजमध्ये जातो, राय अंगावर येतो आणि एड त्याला बागकामाच्या हत्याराने मारतो. पुढे फ्रीझर, आणि मग एड नोकरीला असलेल्या खाटकाच्या दुकानातलं खिमा करायचं यंत्र.

इथपर्यंत फार्गोतल्या गेरहार्ट कुटुंबाला काहीच माहीत नाही. त्यांचा धंदा गिळायला टपलेल्या कॅन्सस सिटीच्या टोळीलाही नाही. हान्झी, गेरहार्टांचा मूळनिवासी वंशाचा विश्वासू माणूस, माग काढत एडच्या घरात शिरतो आणि शेकोटीच्या राखेतून रायच्या पट्ट्याचं बक्कल उचलतो. म्हणजे खरी बातमी हातात आली: धाकटा मेला, मारणारा एका गावठी खाटकाचा मदतनीस. ही बातमी घराण्याची कर्ती असलेल्या आईपर्यंत, म्हणजे फ्लॉइडपर्यंत, जशीच्या तशी गेली असती तर एक माणूस मेला असता, फार तर दोन. पण मध्ये थोरला मुलगा डॉड बसलाय. त्याला युद्ध हवंय, कारण आईने सलोखा केला तर गादी आईकडेच राहणार. म्हणून तो सांगतो की मारणारा 'लुव्हर्नचा खाटीक' आहे, कॅन्सस सिटीने पाठवलेला भाडोत्री मारेकरी.

'धरावे'चं 'मारावे' झालं ते इथे, असं माझं मत. चौथ्या भागाच्या शेवटी.

तिरपागडा

धागा आवडला, निष्कर्ष अर्धाच पटला. 'ध'चा 'मा' एकदा नाही, दोनदा झालाय, आणि दोन्ही वेळा फसलेली बाई एकच.

पहिला तुम्ही सांगितलात. दुसरा नवव्या भागात. हान्झी फ्लॉइडला सांगतो की डॉडला कॅन्सस सिटीवाल्यांनी सू फॉल्सच्या मोटर मोटेलमध्ये धरून ठेवलंय. प्रत्यक्षात डॉड केव्हाच मेलाय, त्याला हान्झीनेच मारलंय, आणि मोटेलमध्ये साध्या कपड्यांत बसलेत ते साउथ डकोटाचे पोलीस. फ्लॉइड आणि तिचा मधला मुलगा बेअर पोरांना घेऊन चाल करून जातात आणि समोर पोलीस आहेत हे कळायच्या आत सगळं उरकलेलं असतं.

पहिलं खोटं मुलाने सांगितलं, दुसरं मुलासारख्या वाढवलेल्या माणसाने. बाई एवढी हिशेबी, कॅन्सस सिटीच्या जो बुलोसमोर बसून भागीदारीचा प्रस्ताव मांडणारी. पण घरच्या माणसाने आणलेली बातमी ती एकदाही दुसऱ्या तोंडून तपासून घेत नाही. फ्लॉइड झालेल्या जीन स्मार्टचं काम बघा: पहिल्या वेळी ती बातमी गिळते तेव्हा चेहऱ्यावर राग नाही, थकवा आहे. आता लढावंच लागणार हे कळल्याचा थकवा.

सावलीतली_खुर्ची

आणि पेगी? तिला सगळे सोडून देताय.

पेगीने पहिल्याच रात्री, स्वयंपाकाला लागण्याआधी, एडला सांगितलं असतं, किंवा थेट शेरीफ हँकला फोन केला असता, तर हे प्रकरण एका अपघातावर मिटलं असतं. धडक बसली तेव्हा राय तीन खून करून आलेला होता. गोळीबार करून पळणारा माणूस अंधारात गाडीखाली आला, यात कुठलं न्यायालय तिला फासावर देणार होतं? तिने बातमी दडवली. मग बातमी बदलणाऱ्यांपेक्षा दडवणारी कमी दोषी कशी?

निशाचर

@सावली, दोषी आहेच. पण पेगीचं दडवणं आणि डॉडचं बदलणं यात फरक आहे. पेगीने दडवल्यामुळे एक खून झाला. डॉडने बदलल्यामुळे दोन टोळ्या भिडल्या.

@तिरपागडा, दुसरा 'मा' मान्य. मूळ पोस्ट तशीच ठेवतो, नाहीतर पुढचे प्रतिसाद अधांतरी दिसतील.

पानगळ

पेगीबद्दल एक बारकावा सुटतोय. खरी बातमी चुकीच्या कानात पडण्याचा या सीझनमधला सगळ्यात सुंदर नमुना तिसऱ्या भागात आहे, सलूनमध्ये.

वॉफल हटचं कोडं सगळ्यात आधी सोडवते बेट्सी, हँकची मुलगी. पोलीस नाही, आजारी, केमो चालू असलेली. बर्फात पडलेलं पिस्तूलसुद्धा तिलाच सापडलेलं असतं. ती सलूनमध्ये बसून सहज म्हणते की खुनी बाहेर पडला तेव्हा त्याला कुणीतरी गाडीने उडवलं असणार. बोलते कुणासमोर? पेगीसमोर. पेगी तिथून सुटते ती थेट एडकडे. मग दोघं गाडीच्या फुटलेल्या काचेला कारण असावं म्हणून गाडी मुद्दाम झाडावर घालायचं ठरवतात. पहिल्या झटक्यात गाडी बर्फावर घसरून भलत्याच बाजूने आदळते. एडला ती परत सरळ करून पुन्हा घालावी लागते. हसू येतं आणि त्याच वेळी कळतं की हा माणूस खोटं बोलण्यातसुद्धा प्रामाणिक कामगार आहे. काम नीट झालं नाही, पुन्हा करा.

बेट्सीचा नवरा लू, स्टेट ट्रूपर, चौथ्या भागात एड-पेगीच्या घरी येऊन बसतो तेव्हा त्याला जवळपास सगळं कळलेलं असतं. तो आरडाओरडा करत नाही. व्हिएतनाममध्ये जीवघेणी जखम झालेल्या आणि तरीही आपण मेलोय हे अजून न कळलेल्या सैनिकांबद्दल बोलतो. तुमची नजर तशी दिसतेय, एवढंच सुचवतो. खरी बातमी योग्य माणसाला, योग्य वेळी, समोरासमोर दिलेली. आणि दोघं ती नाकारतात!

बोलघेवडा

ते बोट विसरू नका. 😀

दुसरा भाग. दुकान बंद झालेलं, एड आत एकटा, यंत्र चालू, आणि लू दारावर टकटक करतो. काउंटरच्या एका बाजूला लू, दुसऱ्या बाजूला एड, आणि फरशीवर घरंगळत गेलेलं रायचं बोट. कॅमेरा जमिनीलगत. संवाद शेजारधर्माचे, म्हणजे अगदी कंटाळवाणे. काळा विनोद कसा लिहावा याचा हा धडा आहे: बोलणं जितकं साधं, तितकं बोट मोठं दिसतं. संवादात एकही विनोद टाकला असता तर प्रसंग मेला असता.

यंत्रमानव

तांत्रिक बाजूने भर घालतो, कारण बऱ्याच जणांना हा सीझन 'गोंधळाचा' वाटतो आणि त्यातला निम्मा गोंधळ बघण्याच्या पद्धतीमुळे होतो.

या सीझनमध्ये दुभंगलेला पडदा भरपूर आहे. तो सत्तरच्या दशकाची नक्कल म्हणून आलाय हे खरं, पण इथे त्याला काम आहे. १६:९ चा पडदा उभा मधोमध चिरला की ८:९ चे दोन तुकडे मिळतात, म्हणजे जवळपास चौकोन, किंचित उभट. त्यात कमरेपर्यंतचा एक माणूस ऐसपैस बसतो, दोन बसवायला गेलं तर खांदे कापले जातात. त्यामुळे प्रत्येक माणूस आपापल्या खोक्यात एकटा. फोनवर बोलणारे दोघं शेजारी दिसतात आणि तरी एकमेकांना बघू शकत नाहीत. आपल्याला दोन्ही खोकी दिसतात, त्यांना आपलं एकच. वर चाललेली 'ध'चा 'मा'ची चर्चा पडद्याच्या रचनेतच भरलेली आहे.

आता बिघडतं कुठे ते.

फोनवर बघताना चित्र दोन बोटांनी ताणून पूर्ण पडदा भरायची सवय असेल तर ती मोडा. २०:९ च्या फोनवर १६:९ चं चित्र रुंदीभर ताणलं की उंचीचा पाचवा हिस्सा कापला जातो, वरून दहा टक्के आणि खालून दहा टक्के. या मालिकेत फरशीवरच्या आणि चौकटीच्या कडेच्या वस्तूंना महत्त्व आहे. वर बोलघेवडा म्हणतात त्या बोटासारखी गोष्टच कापली जाण्याची शक्यता.

टीव्हीवरचं 'मोशन स्मूदिंग' (प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते) बंद करा. चोवीस फ्रेमच्या चित्रात टीव्ही स्वतःच्या मनाच्या फ्रेम घुसवतो. दोन खोक्यांत दोन वेगळ्या हालचाली असल्या की मधल्या रेघेजवळ चित्र चिकटल्यासारखं दिसू शकतं, आणि एकूण पोतही सिनेमाचा न राहता रोजच्या मालिकेसारखा होतो.

सबटायटल्स लागतातच, मिनेसोटाचे हेल सोपे नाहीत. पण अक्षरं लहान ठेवा आणि मागची काळी पट्टी काढून टाका. पट्टी दोन्ही खोक्यांचा तळ झाकते.

आणि आवाज. पडदा दुभंगतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच खोक्याचा आवाज पुढे असतो. कान जिकडे नेतील तिकडे बघा, दुसरं खोकं डोळ्याच्या कडेने. दोन्हीकडे सारखं लक्ष द्यायला गेलात तर दोन्ही निसटतात.

पानगळ

+१. ८:९ चं गणित आधी कुठे वाचलं नव्हतं.

कोऱ्या_पाटीचा

सीझन १ न बघता हा बघितला तर चालेल का? की क्रम पाळायला हवा?

तिरपागडा

चालेल. गोष्ट स्वतंत्र आहे. पहिला सीझन (२०१४) घडतो २००६ मध्ये, बेमिजी भागात. दुसरा १९७९ मध्ये. पहिल्यातली मॉली ही दुसऱ्यातली लहान मुलगी, आणि पहिल्यात हॉटेल चालवणारा म्हातारा लू हाच दुसऱ्यातला स्टेट ट्रूपर.

आधी पहिला बघितला तर लू आणि मॉली मरणार नाहीत हे माहीत असतं, म्हणजे मोटेलच्या प्रसंगातला एक ताण जातो. पण त्याच्या बदल्यात बेट्सीचा प्रत्येक प्रसंग जड होतो, कारण पहिल्या सीझनमध्ये ती कुठेच नाही. शेवटच्या भागातलं तिचं स्वप्न, ज्यात मोठी झालेली मॉली आणि तिचं कुटुंब दिसतं, ते तर पहिला बघितल्याशिवाय अर्धं कळतं. माझं मत: क्रमाने बघा.

१९९६ चा कोएन बंधूंचा सिनेमा बघितलेला असेल तर उत्तम, नसेल तरी काही अडत नाही.

ढगफुटी

आणि हान्झीचा धागा फक्त क्रमाने बघणाऱ्यालाच पुरता लागतो. शेवटच्या भागात त्याला नवी कागदपत्रं मिळतात, नाव मोझेस ट्रिपोली. चेहरासुद्धा बदलून घेणार. पहिल्या सीझनमध्ये फार्गोच्या टोळीचा जो म्होरक्या मॅल्व्हो या मारेकऱ्याच्या हातून मरतो त्याचं नाव तेच. बाकावर बसून तो जे बोलतो तेही ट्रिपोलीच्या तोंडी आलेलं आहे. तिथेच मैदानावर खेळणारी दोन पोरं, एक ऐकू न येणारा, तीसुद्धा पहिल्या सीझनमधली जोडगोळी.

पण मला वरच्या चर्चेत हान्झीला 'खोटं सांगणारा दुसरा माणूस' एवढ्यावर गुंडाळलेलं खटकलं. डॉड खोटं सांगतो ते गादीसाठी. हान्झीला काय मिळतं? नवव्या भागातला निवेदक (आवाज मार्टिन फ्रीमनचा, म्हणजे पहिल्या सीझनचा लेस्टर) हाच प्रश्न एका जाडजूड पुस्तकातून वाचल्यासारखा विचारतो आणि त्यालाही धड उत्तर देता येत नाही. उत्तर आठव्या भागात दाखवून झालेलं असतं. सू फॉल्सच्या बारबाहेर पाटी आहे, इथे २२ सू इंडियनांना फाशी दिलं. पाटीखाली कुणीतरी ओकून ठेवलंय. आत त्याला पाणी मागितल्यावर काय मिळतं ते बघा.

पाटी मालिकेतली आहे, पण ती हवेतून आलेली नाही. मिनेसोटातच मँकेटो इथे २६ डिसेंबर १८६२ ला ३८ डकोटा पुरुषांना एकाच चौथऱ्यावर, एकाच वेळी फाशी दिलं. अमेरिकेतली ही सगळ्यात मोठी सामूहिक फाशी. त्यावर पहिल्या भागाची सुरुवात आठवा: कृष्णधवल चित्रण, 'सू फॉल्सचं हत्याकांड' नावाच्या खोट्या सिनेमाचा सेट, प्रेतांच्या ढिगात उभा एक मूळनिवासी नट, थंडीत कुडकुडत वाट बघतोय, कारण नायक 'डच' म्हणजे रोनाल्ड रेगन अजून मेकअपमध्ये आहे. पहिल्या दृश्यात मढी खोटी, नवव्या भागात खरी, आणि दोन्ही वेळा मध्यभागी उभा राहून वाट बघणारा माणूस त्याच लोकांमधला.

एड-पेगीने डॉडला धरून ठेवलेल्या केबिनमध्ये हान्झी पेगीसमोर बसून केस कापून मागतो. डॉड खुर्चीला नाही, जमिनीला खिळलेला, तरी शिव्या देतोय. हान्झी एकदा बघतो आणि गोळी घालतो. राग नाही, चर्चा नाही. हान्झी झालेल्या झान मॅक्लार्ननच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलत नाही.

सावलीतली_खुर्ची

@ढगफुटी, पाणी मागण्याचा प्रसंग निसटला होता. परत बघायला हवा.

मोजपट्टी

भूगोल आणि हद्दी नीट समजल्या नाहीत तर नववा भाग 'पोलीस एवढे मूर्ख कसे' असा वाटतो, म्हणून हे.

लुव्हर्न हे खरं गाव आहे, मिनेसोटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, रॉक काउंटीचं मुख्य ठिकाण. साउथ डकोटा आणि आयोवा दोन्हींची हद्द काउंटीला लागून. तिथून पश्चिमेला इंटरस्टेट ९० ने सू फॉल्स साधारण ५० किलोमीटर. फार्गो मात्र नॉर्थ डकोटात, सू फॉल्सपासून इंटरस्टेट २९ ने उत्तरेला ३९० च्या आसपास. म्हणजे गुन्हेगार तीन राज्यांतून फिरतायत आणि प्रत्येक हद्दीवर पोलिसांचा अधिकार संपतो.

हँक हा रॉक काउंटीचा शेरीफ, त्याची सत्ता काउंटीपुरती. लू स्टेट ट्रूपर, म्हणजे मिनेसोटाभर. तो जावई आणि हा सासरा हे नातं कामात कधी आड येत नाही हे बघण्यासारखं. पण साउथ डकोटात पाऊल टाकलं की दोघंही पाहुणे. तिथला कॅप्टन एड-पेगीला आमिष म्हणून मोटेलमध्ये बसवायचं ठरवतो, लू विरोध करतो आणि त्याला सरळ राज्याबाहेर काढलं जातं. वर कॅप्टन रेडिओ बंद ठेवायला लावतो. मग लूला हान्झीच्या नव्या खुनाचा सुगावा लागतो, तो रेडिओवर ओरडत राहतो आणि ऐकायला पलीकडे कुणी नाही.

भागाचं नाव 'द कॅसल'. काफ्काच्या त्या कादंबरीत भूमापकाला किल्ल्यात शेवटपर्यंत प्रवेश मिळत नाही, प्रत्येक जण त्याला दुसऱ्या कचेरीकडे पाठवतो. इथे किल्ला म्हणजे राज्याची हद्द.

निशाचर, तुमच्या यादीत हा तिसरा 'मा'. यात खोटं कुणीच बोललेलं नाही, फक्त बटण बंद केलंय.

निशाचर

मान्य, आणि सगळ्यात महाग पडलेला हाच.

भागांच्या नावांवरून आणखी एक. 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' (पाचवा): ओ. हेन्रीच्या कथेत नवरा-बायको एकमेकांसाठी आपली लाडकी वस्तू विकतात आणि दोन्ही भेटी निरुपयोगी ठरतात. इथे एडने दुकान विकत घेण्यासाठी दिलेला चेक परत येतो, कारण पेगीने पैसे 'लाइफस्प्रिंग' नावाच्या स्वतःला सुधारायच्या शिबिराला भरलेले. मग पश्चात्ताप होऊन ती आपली गाडी विकते, दुकानासाठी. त्याच रात्री दुकान जळून खाक. त्याच भागात कॅन्सस सिटीच्या माइक मिलिगनला जी 'भेट' येते ती खोक्यात, आणि खोक्यात जो बुलोचं मुंडकं.

बोलघेवडा

उडत्या तबकडीबद्दल कुणीच बोलत नाही म्हणजे सगळ्यांना ती खटकलीये का? मला तर खटकली. नऊ भाग इतकं घट्ट विणायचं आणि ऐन मोक्याला वरून दिवा पाडायचा. बेअर लूचा गळा दाबतोय, लू मरणार, तेवढ्यात तबकडी येते, बेअर वर बघतो आणि लू गोळी घालतो. ही पळवाट नाही तर काय?

मोजपट्टी

पळवाट म्हणायची तर सुरुवातीपासून उघडी ठेवलेली पळवाट. राय मरतो तोही वर बघत राहिल्यामुळेच. पहिल्या भागात गेरहार्टांचा धाकटा आणि नवव्यात मधला, दोघांचा घात एकाच दिव्याने केलाय. आणि काळ जुळतो. २७ ऑगस्ट १९७९ ला मिनेसोटाच्याच मार्शल काउंटीत व्हॅल जॉन्सन नावाच्या डेप्युटी शेरीफच्या गस्तीच्या गाडीला रात्री एका प्रखर दिव्याने गाठलं असं त्याने सांगितलं. गाडीची काच फुटली, आणि त्याचं मनगटी घड्याळ आणि गाडीतलं घड्याळ, दोन्ही १४ मिनिटं मागे पडलेली. ती गाडी तिथल्या संग्रहालयात ठेवलेली आहे. मालिकेत बर्फ आहे आणि ही घटना ऑगस्टची, पण धागा तिथूनच आलाय हे उघड आहे.

बाय द वे, तारखांचा काटेकोरपणा शोधू नका. तेव्हाचे अध्यक्ष कार्टर यांचं 'आत्मविश्वासाच्या संकटा'चं भाषण १५ जुलै १९७९ चं, रेगन यांनी उमेदवारी जाहीर केली १३ नोव्हेंबर १९७९ ला. मालिका दोन्ही एका हिवाळ्यात कोंबते.

बोलघेवडा

घड्याळांचं वाचून थोडा नरमलो. पण थोडाच.

रेगनचा मुतारीतला प्रसंग मात्र दहापैकी दहा. लू त्यांना मनापासून विचारतो की या सगळ्यातून देश आणि आपण निभावणार कसे. रेगन झालेला ब्रूस कॅम्पबेल खांद्यावर हात ठेवून झकास वाक्य टाकतो. लू म्हणतो, हो, पण कसं? आणि साहेब घशातून एक आवाज काढून निघून जातात.

ढगफुटी

@बोलघेवडा तबकडीवर पेगीची प्रतिक्रिया हेच उत्तर आहे की! आजूबाजूला प्रेतांचा सडा, डोक्यावर तबकडी, एड थिजलेला, आणि ती म्हणते की ती नुसती तबकडी आहे, चल, निघायचंय. लेखकाला तबकडी समजावून सांगायची नाहीये. पेगीला समोरचं खरं कधी महत्त्वाचं वाटतच नाही, हे दाखवायचंय.

पानगळ

आणि म्हणूनच शेवटच्या भागात ती फसते. सुपरमार्केटच्या मांस ठेवायच्या थंड खोलीत दोघं लपलेत, एड रक्त जाऊन मरतोय. पेगीला खात्री आहे की हान्झी बाहेर आग लावून धुरी देतोय. तिला धूर दिसतोसुद्धा. हे तिने केबिनमधल्या टीव्हीवर जुन्या युद्धपटात बघितलेलं असतं. दार उघडतं तेव्हा बाहेर लू, आग नाही, धूर नाही, हान्झी केव्हाच गेलाय. या वेळी खोटी बातमी कुणी दिलीच नाही, तिने स्वतःच स्वतःला दिली. कर्स्टन डन्स्टच्या चेहऱ्यावर त्या दोन सेकंदांत काय होतं ते थांबवून बघा.

अवांतर: डन्स्ट आणि जेसी प्लेमन्स या मालिकेत नवरा-बायको झाले आणि २०२२ मध्ये खरोखर लग्न केलं.

सावलीतली_खुर्ची

नंतर गाडीत ती लूला सांगते की बाईला सगळंच व्हावं लागतं, आई, बायको, नोकरदार, आणि तरी जमलं नाही तर दोष तिचाच. बोलणं शंभर टक्के खरं आहे. लू एवढंच म्हणतो की माणसं मेलीत, पेगी. दोघंही बरोबर आहेत, हे या लेखनाचं बळ. पेगीला नुसती वेडी म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग परत बघावा.

कोऱ्या_पाटीचा

माइक मिलिगनवर एकही ओळ नाही? बोकीम वुडबाइनने सीझन खाल्लाय.

तिरपागडा

खाल्लाय खराच. गाडीत 'जॅबरवॉकी' ही लुईस कॅरलची निरर्थक शब्दांची कविता म्हणत म्हणत खून करायला जाणारा माणूस पुन्हा कुणी लिहील असं वाटत नाही.

त्याचा शेवट सगळ्यात क्रूर. मोटेलवर तो उशिरा पोचतो, बाल्कनी-अंगणातली मढी बघतो आणि गाडीत बसून निघून जातो. युद्ध जिंकलं, गोळी न झाडता. गेरहार्टांच्या घरात जाऊन राजा झाल्यासारखं बोलतो. आणि बक्षीस काय? हिशेब खात्यात एक चिंचोळी खोली, टाइपरायटर, केस काप आणि नीट सूट शिव. पैशाचा धंदा हाच आता एकमेव धंदा, असं साहेब समजावतो. स्किप आणि राय टाइपरायटर विकायच्या नादात मेले. मिलिगनला तोच टाइपरायटर टेबलावर मिळाला.

यंत्रमानव

हे टाइपरायटरचं लक्षात आलं नव्हतं. भारी.

निशाचर

परत बघणाऱ्यांसाठी एक सुचवतो. आठवा भाग सातव्याला समांतर चालतो. सातव्याच्या शेवटी एडचा मिलिगनला गेलेला फोन आधी ऐकू येतो, आणि तो तिथवर कसा पोचला ते आठव्यात. म्हणून दोन्ही एका बैठकीत बघा. मध्ये दोन दिवस गेले की फोन कुणी कुणाला आणि कशासाठी केला हे विसरायला होतं.

आणि आठव्यात एडचे फोन मोजा. पेट्रोल पंपावरच्या बूथमधून तो गेरहार्टांच्या घरी फोन लावतोय. डॉड आमच्या ताब्यात आहे, आम्हाला सोडा, त्याला घेऊन जा. ना खोटं, ना मीठमसाला. सौद्याचं बोलणं, तेही अदबीने.

तिरपागडा

आणि तिकडून कुणी उत्तरच देत नाही.